मोटारीची दिवेलागण

माझ्या जावेचा मला फार हेवा वाटे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला गरीब गाय समजायला नको. हेवा तिच्या लुगड्यांचा नव्हता की दागिन्यांचा नव्हता. दोघींच्या अंगावर असून असून काय असणार होतं. तिच्या रूपाचाही नव्हता, कारण रंगानं मी उजळ होते आणि हे तिलाही ठाऊक होतं. शिवाय मी चौथीपर्यंत शिकलेली आणि तिला सही करता येत नव्हती. मला हेवा वाटायचा तो तिच्या नवऱ्याच्या मोटारीच्या दिव्यांचा.

आमचं घर काष्टीच्या अलीकडे, नगरकडून येणाऱ्या सडकेपासून हाकेच्या अंतरावर होतं. अंगणात उभं राहिलं की माळाचा चढ दिसे. चढावरून सडक खाली उतरे आणि आमच्या बांधाला लागून पुढे काष्टीला जाई. घरात माणसं पाच. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. थोरले दीर, जाऊबाई, आमचे हे आणि मी. थोरले दीर नगरच्या एका शेटजींच्या, उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होते. आमच्या ह्यांची बैलगाडी. शेतातलं काम नसलं की हे लोकांचा माल भाड्यानं वाहायचे. एका आईचे दोन मुलगे, पण एकाला गाव ‘डायवर सायेब’ म्हणे आणि दुसऱ्याला ‘ए गाडीवान’.

थोरले दीर सकाळी काष्टीहून मोटार नगरला नेत आणि संध्याकाळी परत आणत. मुक्काम काष्टीलाच, मोटारीत. घरी ते यायचे मोटारीच्या सुट्टीच्या दिवशी. पण रोज संध्याकाळी त्यांची मोटार चढावर आली की ते दिवे लावत. कायदाच होता तसा. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं मोटारीचे दिवे लागलेच पाहिजेत, नाहीतर नाक्यावरचा हवालदार धरायचा. आमच्या घराजवळच्या चढावर मोटार यायला आणि तो अर्धा तास भरायला साधारण एकच गाठ पडे. काळोख दाटत आलेला असे आणि माळाच्या कडेवर एकदम दोन दिवे उगवत.

आता दिवा लागला म्हटल्यावर हात जोडायचे, ही आम्हा सगळ्यांची सवय. देवापुढचं निरांजन असो, चुलीजवळची चिमणी असो की वाण्याच्या दुकानातली बत्ती असो, पेटली की जो असेल त्यानं हातातलं काम ठेवून नमस्कार करायचा. मोटारीचा दिवाही शेवटी दिवाच. तो दिसला की आत्याबाई हात जोडत, शेजारच्या वस्तीवरची माणसं जोडत, विहिरीवरच्या बाया घागर खाली ठेवून जोडत. आणि जाऊबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, डोळे मिटून असा काही नमस्कार करत, की बघणाऱ्याला वाटावं हिच्याच पुण्याईनं जगात उजेड पडतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलंही असतं. पण लढाईचे दिवस आले आणि रॉकेल रेशनवर गेलं. बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मिळेल तेवढ्यावर आठवडा काढायचा. दिवा जितका उशिरा लावू तितकं बरं. आत्याबाईंनी एक दिवस ठरवून टाकलं, की थोरल्याचा दिवा चढावर दिसल्याशिवाय घरात काडी ओढायची नाही. बघता बघता आसपासच्या सगळ्या वस्त्यांनी तेच धरलं. सरकारनं मोटारींसाठी केलेला कायदा आमच्या चिमण्यांना लागू झाला. घरातला दिवा लावायचा मान थोरल्या सुनेचा. म्हणजे नवरा तिकडं चढावर दिवा लावणार आणि बायको इकडं घरात लावणार, आणि मी मध्ये अंधारात भाकरी थापत बसणार. तव्यावरची भाकरी करपली की नाही हे मला वासावरून ओळखावं लागे. करपलीच तर आत्याबाई म्हणायच्या, धाकटीचं लक्ष कुठं असतं कोण जाणे. लक्ष कुठं असणार? चढावर.

आमच्या ह्यांच्या गाडीलाही कंदील होता. रात्री सडकेवर गाडी हाकायची तर दिवा पाहिजे, हा कायदा बैलगाडीलाही होताच. हे आसाखाली कंदील टांगत. तो चाकाबरोबर हेलकावे खात यायचा, काच काजळलेली, उजेड धड बैलांच्या खुरांपर्यंत पोचायचा नाही. एकदा मी तो लांबून येताना बघून मुद्दाम सगळ्यांसमोर हात जोडले. जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या. “आगं, त्येला कशाला हात जोडतीस? त्यो तर बैलांच्या पायाखाली हाय,” म्हणाल्या. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. त्या रात्री मी ह्यांच्या ताटात भाकरी आपटली आणि ह्यांना काही कळलंच नाही. हे स्वभावानं थंड होते. भाकरी मोडून खाऊ लागले.

मग मीच मागे लागले. मोटार शिका म्हटलं. हात एकाच आईच्या पोटात घडले, दादांना येतं ते तुम्हाला का येऊ नये? हे नको नको करत होते. बैलांना कासरा ओढला की थांबतात, मोटारीला कुठं कासरा असतो, म्हणायचे. पण मी धरलेला पिच्छा सोडला नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी थोरले दीर ह्यांना माळावर नेऊन मोटार शिकवू लागले. लढाई संपत आली होती, नगरात लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघणार अशी बोलणी होती, आणि शेटजी त्यातली एक घेऊन दुसरी मोटार चालू करणार होते. तिला ड्रायव्हर लागणार होता. हे कळल्यापासून मी उपास धरले. सोमवार आधीच धरत होते, त्यात शनिवारची भर घातली.

ह्यांना लायसन्स मिळालं तेव्हाची गंमत सांगते. साहेबानं मोटार पुढे-मागे चालवून बघितली आणि विचारलं, दिवे कधी लावायचे? उत्तर द्यायचं होतं, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं. थोरल्या दिरांनी ते पढवून पाठवलं होतं. पण हे गोंधळले आणि म्हणाले, “दिवेलागनीला.” साहेब आपल्याकडचाच होता. हसला आणि कागदावर शिक्का मारला. थोरल्या दिरांनी ही गोष्ट घरी येऊन सांगितली तेव्हा जाऊबाई पुन्हा पदराआड हसल्या. मी मनात म्हटलं, हसा. येऊ द्या एकदा माझ्या दिव्याला चढावर.

लिलावातली लॉरी आली, तिच्यावर बाकडी बसवून मोटार तयार झाली. शेटजींनी सांगितलं, पहिल्या दिवशी मी स्वतः मागं बसून येतो. थोरल्याच्या मोटारीला त्या दिवशी सुट्टी, तो शेजारी बसेल, धाकटा चालवेल, नीट चालवली तर नोकरी पक्की. आणखी एक ताकीद दिली, की बॅटरी जुनी आहे, कायद्याची वेळ होईपर्यंत दिव्यांना हात लावायचा नाही.

त्या दिवशी मी दुपारीच अंगण सारवलं. डोक्यावरून न्हाले, ठेवणीतलं लुगडं नेसले. आत्याबाईंनी बघितलं पण बोलल्या नाहीत. जाऊबाई बोलल्या. सण हाय का काय आज, असं विचारलं. मी म्हटलं, सणच आहे. संध्याकाळ होऊ लागली तशी मी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिले. आसपासच्या वस्त्यांवरची माणसं सडकेकडं बघत होती, कारण मी सकाळपासून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आज दिवा धाकट्याचा आहे. आता घरातला दिवाही मला लावू द्या, एवढं आत्याबाईंना म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. पण जाऊबाई काड्यापेटी कमरेला खोचून दारातच बसल्या होत्या.

सूर्य नुकता टेकला होता. पश्चिमेला तांबडं तसंच होतं, अंगणातली कोंबडी अजून दाणे टिपत होती. आणि चढावर दोन दिवे लागले.

सगळे चकित झाले. आत्याबाई म्हणाल्या, लाव गं दिवा. जाऊबाई म्हणाल्या, “आत्याबाई, आजून लख्ख उजेड हाय की. ह्यो कसला दिवा?” मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. मी हात जोडले. इतक्या वर्षांत मी त्या चढाकडं बघून मनापासून हात जोडले ते त्या दिवशी पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यातून दिसलं की दिवे सडक सोडून भलतीकडंच वळताहेत. आधी वाटलं डोळे पुसले की नीट दिसेल. डोळे पुसले तर मोटार माळावरून धडधडत खाली चालली होती. बांधाच्या घायपातात घुसली आणि थांबली.

आम्ही धावलो. कुणाला लागलं नव्हतं. शेटजींची टोपी पडली होती आणि एका दिव्याची काच फुटली होती. थोरले दीर खाली उतरून पोट धरून हसत होते. शेटजी हसत नव्हते. आमचे हे अजून आपल्या जागेवर बसलेले आणि त्यांचे दोन्ही हात छातीशी तसेच जोडलेले.

काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. ह्यांनी दिव्याचं बटण ओढलं, दिवे लागले, आणि जन्मभराच्या सवयीनं ह्यांनी चाक सोडून दोन्ही हात जोडले. थोरले दीर इतकी वर्षं एक हात चाकावर ठेवून दुसरा कपाळाला लावायचे. एवढी एक गोष्ट शिकवायची ते विसरले होते, किंवा ती शिकवायची गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. बैलगाडीत काय, कासरा सोडून नमस्कार केला तरी बैल घरी नेतात.

शेटजी शांतपणे म्हणाले की गाडीवानाला गाडीच बरी. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दौंडचा एक माणूस ठेवला. पुढचे कित्येक महिने सडकेवर जो भेटेल तो ह्यांना बघून दोन्ही हात जोडायचा आणि मग खाली वाकून चाक शोधायचं सोंग करायचा. हे हसत. मला मात्र एकेकाच्या तोंडावर शेण मारावंसं वाटे. थोरले दीर काष्टीच्या स्टँडवर ही गोष्ट रंगवून सांगतात, हे मला कळलं होतं. आणि घरी संध्याकाळ झाली की पुन्हा चढावर तेच दिवे, तीच काड्यापेटी, तोच खांद्यांवरून घेतलेला पदर. मला अन्न गोड लागेना. दिवा दिसला की मी चुलीकडं तोंड फिरवी.

एक दिवस हे गाडीच्या आसाला वंगण घालत बसले होते. मी शेजारून शेणाची पाटी घेऊन चालले होते, ती खाली ठेवली आणि इतके दिवस तोंडात धरलेलं विचारून टाकलं. हात जोडलेत ते जोडलेत, पण उजेडात दिवा लावलाच कशाला? शेटजींनी नको म्हणून सांगितलं होतं. अर्धा तास थांबला असतात तर चढ उतरून सपाटीवर आला असतात, मग हात जोडले असते तरी मोटार सडकेवर राहिली असती.

ह्यांनी चिंधीला हात पुसले. बराच वेळ पुसले.

“चढावर आलो तर आपलं आंगन दिसलं,” म्हणाले. “तू हुबी हुतीस. नवं लुगडं नेसून. बांदाच्या फुडं गेल्यावर घर झाडाआड जातं. म्हनलं, हितंच लावावा.”

मी म्हटलं, शेटजी मागं बसले होते ना?

“हुते की. त्ये आरडलं बी. पन तू बगत हुतीस.”

आणि पुन्हा वंगणात बोटं घातली. एवढंच. मी पाटी उचलली आणि उकिरड्यावर जायचं विसरून तशीच घरात घेऊन गेले. आत्याबाई ओरडल्या तेव्हा भानावर आले. नोकरी गेली, काच गेली, गावात हसं झालं, आणि मला नाचावंसं वाटत होतं. असं वेड लागल्यासारखं सुख मला त्याआधी झालं नव्हतं.

पण एकटीनं सुख भोगणं माझ्या स्वभावात नव्हतं. ते जाऊबाईंना दिसलं पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर धुणं धुताना मी सगळं सांगितलं. अंगण, लुगडं, शेटजींचं ओरडणं, सगळं. थोडं माझ्या पदरचं घातलं असेल. वर म्हटलं, “बाई, तुमच्या घरच्यांचा दिवा लागतो त्यो कायद्यानं. सरकार लावतंय त्यो. आमच्यांनी लावला त्यो मला बगून.”

जाऊबाई धुणं आपटत होत्या. हात थांबला. मी वाट बघत होते की आता पदर तोंडाला लागेल. लागला नाही. त्यांनी तेच लुगडं पुन्हा भिजवलं, पुन्हा आपटलं. मला गुदगुल्या होत होत्या.

मोटारीच्या सुट्टीच्या दिवशी थोरले दीर घरी आले. दुपारी दोघे भाऊ जेवायला बसले होते, जाऊबाई वाढत होत्या, मी चुलीपाशी. वाढता वाढता जाऊबाई एकदम म्हणाल्या, “उद्याच्याला चढावर आलं की जरा आदी लावा की दिवा. उजेड हाय तवर. म्या आंगनात हुबी ऱ्हाते.”

थोरल्या दिरांना घास हातात धरून कळेचना. मग हसले. म्हणाले की दिव्याला कायदा आहे, सूर्य मावळल्यावर अर्धा तास. त्याच्या आधी दिवा नाही.

मी थोरल्या दिरांशी कधी बोलत नसे. पदर पुढे ओढून घेतला आणि चुलीकडं बघतच बोलले, “अर्ध्या तासानं लावलाच पायजे, असा कायदा हाय. आदी लावू नगा, असं त्यात कुटंच न्हाई.”

हे ताटात बघू लागले. जाऊबाई भाकरी हातात घेऊन नवऱ्याकडं बघत होत्या. आता कायदाही आड येत नव्हता, आणि दिरांना उत्तर देणं भाग होतं.

“येडी का काय तू?” ते तिला म्हणाले. “दिसा दिवा लावून बॅटरी उतरवू? कुनासाठी?”

जाऊबाईंनी भाकरी त्यांच्या ताटात ठेवली, वर कालवण वाढलं, आणि आत निघून गेल्या. दिरांनी आणखी मागितलं तेव्हा मला उठून वाढावं लागलं.

मी हे का केलं, मला पुढे वाईट वाटलं का, असं लेकी-सुना विचारतात. मला त्या दुपारी बरं वाटलं. अगदी पोटभर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊबाई दारात बसून तांदूळ निवडत होत्या. अंधारलं. सुपातला खडा की दाणा दिसेना तरी त्यांचा हात चालूच होता. चढावर दिवे लागले, रोजच्याच वेळी. विहिरीवरच्या बायांनी हात जोडले, आत्याबाईंनी जोडले आणि म्हणाल्या, थोरल्याचा दिवा आला गं. जाऊबाईंनी मान वर केली नाही. आत्याबाईंना वाटलं ऐकू गेलं नाही, पुन्हा म्हणाल्या. तेव्हा जाऊबाईंनी कमरेची काड्यापेटी काढली आणि माझ्यापुढं धरली.

“धाकटे, तूच लाव.”

लग्न होऊन आल्यापासून मला जो मान हवा होता तो माझ्या हातात होता. मी काडी ओढली, चिमणी लावली, कोनाड्यात ठेवली आणि हात जोडले. मागं वळून बघितलं तर सडकेवरून मोटार बांधाजवळून चालली होती. तिचे दिवे आमच्या भिंतीवरून फिरले, जाऊबाईंच्या अंगावरून फिरले आणि पुढे गेले. मोटार जराही हळू झाली नाही. रोज ती तशीच जात असणार, मी कधी बघितलं नव्हतं. जाऊबाई तांदूळ निवडत राहिल्या.